खंडेनवमीचा टायर

बाजारात झेंडूचे ढीग दिसायला लागले की लोकांना दसरा आठवतो, सोनं आठवतं. मला माणसांचा बिनडोकपणा आठवतो. कोल्हापुरात शिरोली नाक्याजवळ हायवेला लागून आमचं टायरचं दुकान आहे, आणि खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात जेवढी खुळी माणसं आमच्या दारात येतात तेवढी उरलेल्या वर्षात मिळूनसुद्धा येत नाहीत. सगळ्यांची मागणी एकच. "वैनी, टायर जरा काळंभोर करून द्या की. उद्या पूजा हाय."

काळंभोर! आतून तार डोकावायला लागलीय, कडेला भेगा पडल्यात, हवा गेल्या पावसाळ्यात कधीतरी भरलेली, पण पूजेला टायर काळा पाहिजे. पॉलिश मारून दिलं की गडी खूश. मग घरी नेऊन हळदकुंकू, बॉनेटला हार, चारी चाकांखाली चार लिंबं. गाडी पुढं घेतली, लिंबं फुटली, वर्षभराची काळजी मिटली. मागच्या काचेवर 'जगात भारी' असं लिहिलेलं असतं. तो जगात भारी माणूस कधी टायरकडं वाकून बघत नाही, कारण वाकलं तर इस्त्री मोडते.

टायर तपासायची ह्यांची पद्धतही ठरलेली. गाडीतून उतरायचं आणि चाकाला एक लाथ घालायची. लाथेनं हवा कळत असती तर आम्ही हवेचं मीटर कशाला घेतलं असतं? दाराच्या चौकटीवर कंपनीनं स्टिकर लावलेला असतो, पुढं किती, मागं किती, सगळं लिहिलेलं. तो स्टिकर दाखवला तर मोठमोठे साहेब असे चमकतात, जणू मी त्यांच्याच घरातली चोरखोली उघडून दाखवली. आणि हवा भरायची ती टायर थंड असताना. हे मात्र पुण्याहून चार तास गाडी हाणत येणार, टायर तव्यासारखा तापलेला, आणि म्हणणार, "जास्त झालीय वैनी, काढा थोडी." काढत नाही मी. बसा म्हणते अर्धा तास. बसत नाहीत. पलीकडच्या पंपावर जाऊन काढून घेतात आणि मला वर म्हणतात, बाई फार तोंडाळ आहे.

आहे. तोंडाळ आहे म्हणून दुकान चाललंय. आमचे हे पडले मवाळ. "बसा पावणं, च्या घ्या," एवढ्यावर त्यांचा धंदा संपायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला टायर म्हणजे रबराचं कडं, एवढंच माहीत. पहिला उन्हाळा आठवतो. पत्र्याचं छप्पर, दुपारी नव्या रबराचा वास इतका चढायचा की जेवणाला चव लागायची नाही. साडीला, केसांना, आमटीला, सगळ्याला रबर. एकदा ह्यांनी कंपनीकडून आलेला आडवा कापलेला टायर टेबलावर ठेवला, गिऱ्हाइकांना दाखवायला. गिऱ्हाइकांनी त्यात पानाच्या पिचकाऱ्या टाकल्या. मी तो धुतला आणि बघत बसले. सगळ्यात आत हवा धरून ठेवणारं पातळ अस्तर. त्यावर चक्क कापड, रबरात बुडवलेले दोऱ्यांचे थर. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे, आणि रिमला घट्ट धरून बसणाऱ्या काठात तारांची जाड वेटोळी. आणि बाजूची भिंत बघितली तर माझ्या करंगळीच्या पेराएवढीसुद्धा जाड नाही. सगळं कुटुंब घेऊन माणूस ज्या भरवशावर शंभराच्या वेगानं जातो, तो भरवसा एवढा पातळ. त्या दिवसापासून मी रस्त्यानं जाताना माणसांची तोंडं बघायची सोडली, चाकं बघायला लागले.

चाकं बघितली की माणूस कळतो. टायर मधोमध झिजलाय, म्हणजे हवा ठासून भरणारा उतावळा. दोन्ही कडांनी झिजलाय, म्हणजे महिनोन् महिने हवा न बघणारा आळशी. एकाच कडेनं झिजलाय, म्हणजे खड्ड्यात गाडी आपटून अलाइनमेंट घालवलेली आणि बायकोला सांगितलेलं नाही. पुढची मागं, मागची पुढं अशी चाकं अधूनमधून बदलावीत, म्हणजे सगळी सारखी झिजतात, हे सांगितलं तर म्हणतात, "वैनी, तुमी कामं वाढवताय." आणि सगळ्यांच्या तोंडी एक मंत्र असतोच: "नक्षी हाय की अजून!" अरे, नक्षीच्या खोबणीत बारीक उंचवटे दिलेत ते कशाला दिलेत? झिजून नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आणि नक्षी असली म्हणून काय झालं? गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी असली तर रबर आतून मरतं. कडेवर शेवटचे चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते सांगणारे. लग्नाची पत्रिका जुळवताना तीनदा पंचांग उघडतील, पण टायरची जन्मतारीख बघायला एकाची मान वळत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्याच्याकडं येते. सगळ्या खुळ्यांचा मुकुटमणी माझ्याच घरातला आहे. माझा थोरला भाऊ, अण्णा.

आमचं माहेर कळ्याचं, गगनबावड्याच्या रस्त्यावर. आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, बैलगाडी होती. खंडेनवमीला आबा गाडी धुवायचे, कोयते-खुरपी-नांगराचा फाळ पाटावर मांडायचे, आणि मग वंगणाचं बांबूचं नळकांडं घेऊन चाकापाशी बसायचे. नळकांडं मी धरायची, अण्णा चाक उचलून धरायचा, आणि आबा आसाला काळं वंगण चोपडायचे. जळक्या तेलाचा, ओल्या मातीचा आणि झेंडूचा मिळून एक वास असायचा. तो वास अजूनही कधी नाकात येतो आणि मी हातातलं काम थांबवते. आबा म्हणायचे, जी वस्तू आपल्याला वाहते तिला वर्षातनं एकदा तरी हात लावावा. आबांचं मला सगळं पटायचं.

आबा गेले, बैलगाडी गेली, अण्णानं चारचाकी घेतली. आणि ह्या शहाण्यानं काय करावं? दर खंडेनवमीला जळकं इंजिन ऑईल आणि डिझेल कालवून ब्रशनं चारी टायरांना चोपडायचं! आबांचा रिवाज! तेलानं टायर असा काही चकाकतो की गल्ली बघायला येते. आणि तेच तेल रबर खातं. कडा आधी मऊ पडतात, मग सुकतात, मग चिरा जातात. मी दर वर्षी सांगायची. "आरं अण्णा, ते लाकडाचं चाक हुतं, आन् वंगण आसाला लावायचं, लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून. हे रबर हाय. रबराला तेल म्हंजे वाळवीच." अण्णा हसायचा. "सुमे, तू दुकानात शाणपण शिकीव. हितं नगं. आबांनी जलमभर तेल घातलं, कधी चाक निखळलं न्हाय."

असल्या माणसाला काय सांगणार? आपण कपाळावर हात मारून घ्यायचा. तो तेलाचा नसतो, एवढंच.

ते वर्ष मात्र वेगळं होतं. अण्णाची सून अश्विनी पहिलटकरीण होती. पोरगी वैभववाडीकडची, कोकणातली, बोलायला गोड आणि पोटात सात महिन्यांचं बाळ. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला पोचवायची ठरली होती. नवरा पुण्याला नोकरीला, त्याला सुट्टी नाही. नेणार अण्णा, आपल्या गाडीतून, करूळचा घाट उतरून. परतीचा पाऊस अजून गेलेला नव्हता. गगनबावड्याला पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांनाच विचारा, धुक्यात स्वतःच्या बॉनेटचा हार दिसत नाही. त्यात उसाचा हंगाम तोंडावर. नुसती ट्रॅक्टरांची ये-जा सुरू झाली तरी रस्त्याच्या कडा ढासळतात, आणि त्या वर्षी तर कळ्यापासून पुढं डावी बाजू सगळी खड्ड्यांची.

खंडेनवमीला मी दर वर्षीसारखी माहेरी गेले. अंगणात पाट मांडलेला, पाटावर कोयते, खुरपी, विळे, सगळ्यांना हळदकुंकू. गाडी धुऊन उभी, चारी टायर तेलानं चकाकतायत. अण्णा नवा सदरा घालून उभा. मी चप्पल काढायच्या आधी वाकले आणि बघितलं. पुढच्या डाव्या टायरच्या कडेला फुगा आला होता. लिंबाएवढा. तेल लावलेला असल्यामुळं आणखी उठून दिसत होता.

"अण्णा, हे काय?"

"काय?"

"फुगा आलाय हितं."

"व्हय, मागल्या आटवड्यात आपटली जरा. काय हुतंय त्येला? हवा धरतोय की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टायर खड्ड्याच्या कडेवर जोरात आदळला की रिम आणि दगडाच्या मध्ये बाजूची भिंत चेचते आणि आतल्या कापडाचे धागे तुटतात. मग हवेला धरायला तिथं नुसतं रबर उरतं, आणि रबर फुगतं. इचलकरंजीच्या मागावर धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारतात. टायरातला तुटलेला धागा कुणाला सांधता येत नाही, पॅच लागत नाही, देवाला येत नाही. तो फुटणार. कधी, एवढंच ठरायचं असतं. आणि पुढचा डावा फुटला की गाडी डावीकडं ओढली जाते. करूळ घाटात डावीकडं कधी डोंगर असतो आणि कधी काहीच नसतं.

"स्टेपनी लाव आत्ता," मी म्हटलं.

"स्टेपनी मागल्या चाकाच्या जागी लावलीय. तितनं काढलेलं चाक पंक्चर हाय."

"मग ह्यांना फोन करतो, नवा टायर घेऊन येतील. पैसं देऊ नको." आम्ही कोल्हापूरच्या बायका 'करतो', 'जातो' असंच बोलतो. पुण्याच्या लोकांना हसायचं असेल तर हसू दे.

"बहिणीकडनं फुकट घेऊ व्हय? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

"मग इकत घे."

"बहिणीला गिऱ्हाईक होऊ? सुमे, तुझी एकेक बात! जाऊन येतो, आल्यावर बघू टायराचं. सणाच्या दिवशी अपशकुन करू नगंस."

फुकट घेतलं तर अब्रू जाते, विकत घेतलं तर नातं जातं, आणि फुटक्या टायरवर गरोदर सून घाटात घालायची त्यात मात्र काही जात नाही! ह्या अकलेपुढं मी हात टेकले. भावकीतली चार माणसं जमली होती, तीही म्हणाली, पूजा झालेली गाडी आहे, देव बघून घेईल. म्हणजे टायर ह्यांनी बघायचा नाही, देवानं वाकून बघायचा. अश्विनी दारात उभी होती, एक हात पोटावर. सुनेनं सासऱ्याच्या गाडीबद्दल काय बोलायचं? माझ्याकडं बघत होती फक्त.

मला राग येतो तेव्हा मी ओरडते. त्या दिवशी ओरडले नाही. बाकीच्या बायकांच्या पर्समध्ये टिकल्या असतात, माझ्या पर्समध्ये वॉल्व्हची चावी असते. मी टायरपाशी बसले, वॉल्व्हचं टोपण काढलं, पिन फिरवून बाहेर घेतली. फस्सकन हवा सुटली, हारातला झेंडू थरथरला. भरल्या टायरला पातं लावायचा मूर्खपणा मी करत नसते. अण्णाला वाटलं, नुसती हवा सोडतेय. "सोड, सोड. पंप हाय माझ्याकडं," तो म्हणाला, आणि भावकी हसली.

गाडी बसली. मी उठले आणि पाटावरचा कोयता उचलला. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती. त्या दिवशी पुजलेल्या कोयत्याला कुणी हात लावत नाही, लावला तर वर्ष वाईट जातं म्हणतात. मी दोन्ही हातांनी कोयता धरला, टोक फुग्यात घातलं आणि ओढलं. कडेची भिंत वितभर उघडली. हाताला कुंकू, तेल आणि रबराचा भुगा.

मी फाटलेलं रबर ओढून दाखवलं. आतल्या अस्तराला आधीचीच चीर, आणि दोरे तुटून कापसासारखे पिंजलेले. "बघा," मी म्हटलं, "ह्याच्यावर पोरगीला घाट उतरवणार हुता."

अण्णा जवळ आला. टायरकडं बघितलंच नाही त्यानं. माझ्या हातातल्या कोयत्याकडं बघितलं. "तू फाडलास म्हणून फाटला," तो म्हणाला. "आबांच्या अंगणात, पुजलेला कोयता. तू माझी बहीण न्हवंस. जा."

मी गेले. जाताना रस्त्यावर उभं राहून वैभववाडीसाठी भाड्याची गाडी ठरवली, तिचे चारी टायर वाकून तपासले, जन्मतारखा वाचल्या, हवा मोजली. ड्रायव्हरला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णाच्या गाडीला चौथं चाकच नव्हतं, म्हणून अश्विनी त्या गाडीतून गेली. संध्याकाळी फोन आला. "पोचले आत्या. घाटात पाऊस होता खूप." दिवाळी झाल्यावर मुलगी झाली, तोही फोन तिचाच. अण्णाचा नाही.

त्या भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून बसले. कणकेचे दिवे सुकले. पुढच्या वर्षी ताट केलं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी केलं आणि ह्यांना ओवाळलं. हे बिचारे बसले पाटावर. मी मात्र रडले. सांगायला लाज कसली? तोंडाळ बाईलासुद्धा भाऊ लागतो.

गावाचा निकाल लागला होता. सुमन टायरवाली माजली, शहरात पैसा बघून रीतभात विसरली. आणि ह्यातली खरी मजा कुणाला दिसली नाही. घाटात टायर फुटला असता, गाडी कठड्याला लागून थांबली असती, सगळी थोडक्यात वाचली असती, तर अण्णानं नारळ वाढवला असता, गावाला जेवण घातलं असतं आणि वाचवणाऱ्या देवाचा फोटो काचेवर चिकटवला असता. पण जे घडलंच नाही त्याचं कुणी जेवण घालत नाही. हवा बघणं, भेगा बघणं, वेळेवर टायर बदलणं, ह्या सगळ्याचं फळ म्हणजे काहीही न होणं, आणि काहीही झालं नाही ह्याची आपल्या लोकांना काडीची किंमत नसते. माझा धंदा हाच आहे. रोज कुणाचं तरी मरण शटरच्या आत काढून घ्यायचं आणि वर शिव्या खायच्या.

रात्री कधी विचार यायचा, अण्णाचंच खरं असलं तर? फुटलाही नसता कदाचित तो टायर. घाट उतरून, चढून, अण्णा परत आलाही असता. असे फुगे घेऊन महिनाभर फिरणारे मी बघितलेत. मग स्वतःलाच सांगायची, सुमे, जुगार जिंकला म्हणून जुगारी शहाणा होत नाही. तरी झोप यायची नाही ती नाहीच.

ह्या खंडेनवमीला सकाळपासून पॉलिशवाल्यांची रांग होती. एका साहेबानं मला नायट्रोजन भरल्यावर टायर अमर होतो, हे समजावून सांगितलं. मी त्यांना माझी खुर्ची देऊ केली. दुपारी जरा उसंत मिळाली, आम्ही कॉम्प्रेसरची पूजा केली, ह्यांनी पेढा दिला, आणि मी बाहेर बघितलं तर रस्त्याच्या पलीकडं अण्णाची गाडी उभी.

आधी चाकं बघितली, सवयच ती. चारी टायर कोरे. रबराचे बारीक केससुद्धा अजून गेलेले नव्हते. स्वच्छ पाण्यानं धुतलेले, कोरडे. आमच्या दुकानातले नव्हते, दुसऱ्या कुणाकडून घेतलेले. म्हणजे कळ्याहून सगळं शहर ओलांडून हा गडी मला दुसऱ्याच्या दुकानातले टायर दाखवायला आला होता! काच अर्धी खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. उतरत नाही, हॉर्न वाजवत नाही, जातही नाही. मागच्या सीटवर अश्विनी आणि तिच्या मांडीवर पोरगी. अश्विनी माझ्याकडं बघून हसली.

ह्यांनी मला कोपरानं ढकललं. "जा की."

मी रस्ता ओलांडला. जवळ गेले, पोरीकडं बघितलं, आणि मग वाकले. नव्या टायरांची नक्षी एकाच दिशेची होती. अशा टायरच्या कडेला बाण असतो, चाक कुठल्या बाजूला फिरायचं ते सांगणारा. हे बाण सरळ मागं तोंड करून होते. दोन्ही बाजूंची चाकं अदलाबदल करून बसवलेली. पावसात नक्षीनं पाणी बाहेर फेकायचं ते फेकणार नाही, आणि ब्रेक मारला तर गाडी पाण्यावर तरंगत जाईल. बसवणारा गाढव आणि बसवून घेणारा त्याहून मोठा.

"चारी उलटं बसवल्यात," मी म्हणाले.

अण्णानं समोरच बघितलं. कानशिलावरचे केस पार पांढरे झाले होते त्याचे. मग खाकरून म्हणाला, "मग सुलटं करून दे की."

मी शटरकडं बोट दाखवलं. "गाडी आत घे," मी म्हणाले, "आन् उतर खाली. तुझ्यासकट जॅकवर चढवत न्हाय मी."